दप्तर एकीकडे, यादी दुसरीकडे : बीड जिल्ह्याच्या नोंदींचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण निजामी राजवटीतली जिल्हाबंदी पाहिली. पहिल्या सालारजंगांनी 1865 मध्ये ती घातली आणि कागद जिल्हावार तयार होऊ लागले. आज आपण त्या कागदांचं पुढे काय झालं ते पाहू.

बीडच्या एखाद्या गावाचा कागद शोधायचा म्हटलं की तो एका जागी सापडत नाही. काही कागद तलाठ्याकडे, काही तहसीलच्या अभिलेख कक्षात, मोजणीचे भूमी अभिलेख कार्यालयात आणि दरबारचे हैदराबादला. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. माणसं या राज्यातून त्या राज्यात आली. दरबारी दप्तर मात्र हैदराबादलाच राहिलं.

आता संगणकवाल्यांचं उदाहरण घेऊ. हडूप नावाच्या साठवण व्यवस्थेत एका फाईलचे तुकडे अनेक यंत्रांवर असतात. पण नावांची यादी एकाच मुख्य यंत्राकडे असते. ‘काय काय आहे?’ असं विचारलं की ते यंत्र यादी वाचून दाखवतं, तुकड्यांना हात लावावा लागत नाही. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या साधारण तीन प्रती असतात.

आपल्याकडे तुकडे आहेत. मुख्य यादी नाही, आणि पुष्कळदा प्रत एकच. त्यात कुठे अनुक्रम गावाचा, कुठे सालाचा. साल तरी कोणतं? फसली! त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे फसली 1340 हे 1930-31. लिपी मोडी, नाहीतर उर्दू. अंबाजोगाई शोधायला गेलात तर जुन्या कागदात मोमिनाबाद असं नाव. वडवणी, शिरूर कासार हे तालुके तर अलीकडचे. त्यांचे जुने कागद मूळ तालुक्यांच्या बस्त्यात.

सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. आरक्षणाच्या वादात आपण इथे शिरत नाही. पण पणजोबांची एक ओळ मिळाली तर नातवाला दाखला, नाही मिळाली तर काही नाही, अशी वेळ आली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

यातून इतिहासाच्या अभ्यासकानं एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘नोंद नाही’ आणि ‘यादीत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणायला सगळे बस्ते सोडून पाहावे लागतात. दुसरं खिडकीवर बसूनही म्हणता येतं, आणि लोकांना बहुतेक वेळा दुसरंच ऐकायला मिळतं.

म्हणून स्कॅनिंगच्या आधी यादी करायला हवी. कोणता बस्ता, कोणत्या कार्यालयात, कोणत्या सालाचा, कोणत्या लिपीत, एवढे चार रकाने भरले तरी पुष्कळ झालं. हे काम आपल्या महाविद्यालयांतली मुलं करू शकतील. मोडी शिकायला काही महिने पुरतात.