गिरणगावचा उन्हाळा आणि खाणावळवाल्या बायका

मे महिना आहे, तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणी हा कार्यक्रम कुरडया-पापडाच्या वाळवणाजवळ बसून ऐकत असतील. कावळ्याकडे लक्ष असू द्या आणि कान माझ्याकडे द्या. आज मुंबईचा उन्हाळा सांगणार आहे. आत्ताचा नव्हे, गिरण्यांच्या काळातला.

मुंबईच्या उन्हाळ्याशी आपलं काय, असं म्हणू नका. कोकणातली घरं बघा, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडची बघा. आजोबा नाहीतर चुलत आजोबा, कुणी ना कुणी गिरणीत होतंच. त्यांची मनीऑर्डर यायची, गणपतीला-शिमग्याला ते यायचे, येताना ट्रंक आणायचे, हे आपण ऐकलेलं असतं. पण वर्षाचे अकरा महिने तो माणूस जेवायचा कुठे, हे फारसं कुणी विचारलेलं नसतं. आजचं बोलणं त्याच्यावर.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. कंपनी १८५४ सालची, आणि ताडदेवला सूत निघू लागलं १८५६ मध्ये. पुढच्या पन्नास वर्षांत लालबाग, परळ, भायखळा, दादर, वरळी या भागात गिरण्याच गिरण्या झाल्या. त्या सगळ्या पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणू लागले. भोंगा झाला की गाव उठायचं, भोंगा झाला की गाव जेवायचं.

या गावात पुरुष फार आणि बायका थोड्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना पाहिल्या तर मुंबईत हजार पुरुषांमागे पाचशे-साडेपाचशे बायका दिसतात. बाकीच्या गेल्या कुठे? त्या गावात शेत, सासू-सासरे, पोरंबाळं आणि गुरं सांभाळत होत्या. एका माणसाच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं परवडत नव्हतं. म्हणून एका गावचे दहा-पंधरा जण मिळून एक खोली घ्यायचे. खोली साधारण दहा फूट बाय दहा फूट. एवढे जण मावायचे कसे, तर पाळीने. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. उन्हाळ्यात तर कुणी आत झोपतच नसे. गच्ची, गॅलरी, फुटपाथ, जिथे वारा लागेल तिथे वळकटी पसरायची.

गिरणीच्या आत काय होतं तेही ऐका. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. बाहेर एप्रिल-मे, आत यंत्रांची धग आणि त्यात ही ओल. आठ तास उभं राहून माणूस बाहेर यायचा तो अंगावरचा सदरा पिळण्यासारखा होऊन. त्याला जेवायला वाढणारं कुणीतरी हवं होतं.

तेच काम खाणावळवालीचं. आज मुंबईच्या डबेवाल्यांची कीर्ती जगभर आहे, आणि ती रास्तच आहे. पण गिरणगावात हजारो बायका दहा बाय दहाच्या खोलीत रोज रांधत होत्या, त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. कुणाचा नवरा आजारी पडून घरी बसलेला, कुणी विधवा झालेली, कुणाला टाकलेलं, कुणाच्या नवऱ्याचा पगार दारूत जाणारा. काही जणींचं सगळं ठीक होतं, फक्त पैसे पुरत नव्हते. भांडवल म्हणाल तर चूल किंवा शेगडी, चार मोठी पातेली, परात, आणि हात.

थोडा हिशेब करू. समजा एका बाईकडे वीस जण जेवायला आहेत. माणशी एका वेळी चार भाकऱ्या धरल्या तर दोन वेळच्या झाल्या १६०. एका बाईने, दिवसाला, मे महिन्यात, बंद खोलीत शेगडीपुढे थापलेल्या. वर कालवण, भात, आमटी वेगळीच. पुढे तीन पाळ्या झाल्या. पहिली सकाळी ७ ला, दुसरी दुपारी ३ ला, तिसरी रात्री ११ ला. पहिल्या पाळीचा माणूस जेवणाचा डबा घेऊन निघणार म्हणजे पहाटे चारला चूल पेटली पाहिजे. दुसऱ्या पाळीचा रात्री अकरानंतर येऊन पाटावर बसणार. ती बाई झोपायची केव्हा, ते तुम्हीच ताडून बघा.

चव मात्र गावाची असे. कोकणातल्या बाईकडे भात, माशाचं कालवण, नाहीतर सुकट-बोंबील, आणि उन्हाळ्यात कोकमाचं सार. घाटावरच्या बाईकडे ज्वारी-बाजरीची भाकरी, झणझणीत आमटी, पिठलं, ठेचा आणि फोडलेला कांदा. रविवारी मटण. मालवणकडचा माणूस साताऱ्याच्या बाईकडे सहसा जेवायला जायचा नाही. जातही बघितली जायची, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी आपण ऐकतो, पण पंगती वेगवेगळ्या होत्या.

उन्हाळ्यातली मोठी पंचाईत पाण्याची. मुंबईला नळाचं पाणी आलं १८६० मध्ये, विहार तलावातून. त्याआधी विहिरी आणि तळी, आणि ती उन्हाळ्यात आटायची. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं. तरी चाळीला मजल्यावर एक मोरी, नाहीतर खाली चौकात सगळ्यांना मिळून नळ, आणि पाणी ठरल्या वेळेलाच. वीस माणसांची ताटं, पातेली आणि पिण्याचं पाणी म्हणजे किती हंडे जिना चढवावे लागले असतील! त्याच शहरात श्रीमंतांसाठी १८३४ पासून अमेरिकेतून जहाजाने बर्फ यायचा, लाकडाच्या भुशात बांधून. म्हणजे नळाच्या आधी सव्वीस वर्षं बर्फ आला. कुणाची सोय आधी होते, ते यावरून कळतं.

आता मे महिन्याकडे येते. आपल्याला मे म्हणजे बेगमीचा महिना. खाणावळवालीलाही तेच. मिरच्या आणून, वाळवून वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा. लालबागची मसाल्याची आणि मिरचीची दुकानं त्याच गिऱ्हाइकावर वाढली. पावसात होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सुके बोंबील, सुकट, खारा मासा मेमध्येच भरून ठेवायचा. थोडक्यात, वर्षातला सगळ्यात मोठा खर्च मे महिन्यात.

आणि त्याच महिन्यात जेवणारे गावाला निघून जायचे. लग्नसराई, घर शाकारणं, पेरणीची तयारी. कोकणातली माणसं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायची, कारण पावसाळ्यात बोटी बंद होत. वीसातली बारा गेली की राहिली आठ. खोलीचं भाडं तेवढंच, वाण्याची उधारी तेवढीच, आणि येणारे पैसे निम्म्याहून कमी. परत येताना ती माणसं आमसुलं, फणस, तांदूळ असं काही घेऊन यायची, पण त्याने वाण्याचं बिल फिटत नाही.

या उधारीकडे नीट बघायला हवं, कारण खरी गाठ तिथेच आहे. कामगाराचा पगार महिना भरून वर काही दिवसांनी व्हायचा. तो झाला की खाणावळीचे पैसे मिळायचे. म्हणजे महिनाभर ती बाई वीस माणसांना उधारीवर जेवायला घालत होती. तिला मात्र वाण्याकडून आजच माल आणायचा असे. वाणी उधार द्यायचा, पण भाव चढा लावायचा. नाहीतर सावकार होताच. त्याच्याकडे आधी पातेली जायची, मग मंगळसूत्र. मला विचाराल तर गिरणीचं चक्र जसं कापसावर फिरत होतं तसं या बायकांच्या उधारीवरही फिरत होतं. गिरणीच्या जमाखर्चात त्याची ओळ मात्र कधी आली नाही.

गिरणीत बायका कामाला नव्हत्या का? होत्या. १९२०-३० च्या सुमाराला पाच कामगारांत साधारण एक बाई असे, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यात. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला. रात्रपाळीला बायकांना त्याआधीच मनाई होती. कायदे चांगले होते. पण नवी यंत्रं आली आणि मालकांनी बायका कमी करत नेल्या. हजेरीपटावरून नाव गेलं की कित्येकींच्या हाती पुन्हा परातच आली.

त्याच शहरात उन्हावर उभा राहिलेला दुसरा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, फक्त त्याची सुरुवात ठाऊक नसेल. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला लागल्या. तेच लिज्जत. मार्चची निवड बरोबर होती, ऊन कडक. पण पाऊस आला आणि पापड वाळेनात, पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्यात काम बंद ठेवणाऱ्या गटांनी ही खाट लक्षात ठेवावी.

खाणावळवाल्यांना एकत्र यायला मात्र १९७५ साल उजाडलं. प्रेमा पुरव हे नाव लिहून ठेवा. त्या मूळच्या गोव्याच्या. लहान वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलं. मोर्चे, संप, सभा या सगळ्यांत त्यांना एक गोष्ट दिसत राहिली. संपात कामगाराला जगवते ती खाणावळवाली, आणि तिच्या कर्जाबद्दल बोलायला कुठलीच युनियन नाही. बँका १९६९ मध्ये सरकारी झाल्या होत्या आणि गरिबांना कर्ज द्यायचं धोरण आलं होतं. पण तारण काय देणार? खोलीसुद्धा भाड्याची. तेव्हा प्रेमाताईंनी बायकांचे गट केले. एकीने दुसरीसाठी जामीन राहायचं. पहिल्या चौदा जणींना सरकारी बँकेचं कर्ज मिळालं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं.

ओळखीचं वाटतं ना? आपले बचत गट बँकेला जोडण्याचं काम नाबार्डने १९९२ मध्ये हाती घेतलं. त्याच्या सतरा वर्षं आधी परळ-लालबागच्या बायकांनी एकमेकींच्या शब्दावर कर्ज काढलं आणि फेडलं. ज्या बाईला बँकेच्या दारातला शिपाई आत सोडायचा नाही, तिने आत जाऊन स्वतःच्या नावाने सही केली, नाहीतर अंगठा उठवला. त्या पैशात तिने आधी सावकाराची पातेली सोडवली आणि मग घाऊक बाजारातून रोखीने धान्य आणलं. रोखीने आणलं की भाव उतरतो, हे आपल्यालाही गटातूनच कळलं.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठच्या आसपास गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिने चालेल. पगार थांबले, म्हणून खाणावळीचे पैसेही थांबले. पण ज्याला इतकी वर्षं वाढलं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणायचं कसं? बायका उधारीवर वाढत राहिल्या. आता ही उधारी एका महिन्याची राहिली नव्हती.

एप्रिल-मे आला आणि माणसं नेहमीसारखी गावाला निघाली. दर वर्षी जून-जुलैत परत यायची, त्या वर्षी पुष्कळशी आलीच नाहीत. भोंगे वाजतच नव्हते. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कामगारांचं किती बुडालं याचे आकडे निघाले, त्यावर पुस्तकं झाली, चित्रपट आले. खाणावळवालीचं किती बुडालं हे तिच्या वहीत होतं. वहीसुद्धा सगळ्यांकडे नसेल, भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा असतील.

अन्नपूर्णेच्या बायकांनी नवी गिऱ्हाइकं शोधली. कचेऱ्यांना डबे, समारंभांचं जेवण, पुरणपोळ्या-लाडूंच्या ऑर्डरी. चव तीच राहिली, जेवणारे बदलले. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव सामंत यांनी पुण्याच्या वस्त्यांमध्ये बायकांच्या कर्जाचं आणि बचतीचं काम उभं केलं. लोअर परळला फिनिक्स मिल होती, तिथे आता मॉल आहे. आत थंडगार असतं, मे महिना कळतही नाही.

एक बाजूची गोष्ट सांगते. आपल्या काही गटांनी यंदा वाळवणाच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. मी हिशेबाच्या वह्या बघते. पीठ लिहिलेलं असतं, तेल लिहिलेलं असतं, गॅस आणि पिशव्याही असतात. मजुरीचा रकाना बहुतेक वह्यांत कोरा. विचारलं की उत्तर येतं, "घरचंच तर आहे, त्याचं काय लिहायचं?" खाणावळवाल्याही असंच म्हणत असतील. यंदा तो रकाना भरून आणा, मग भाव ठरवू.

आणखी एक काम देते. तुमच्या गावात गिरणीत गेलेली म्हातारी माणसं अजून असतील. संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, तुम्ही मुंबईत कुणाकडे जेवत होता? काय वाढायच्या? संपात पैसे कसे फेडले, की राहिलेच? त्या बाईंचं नाव, गाव आणि चाळ आठवत असेल तर कागदावर लिहा आणि पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या. जूनच्या कार्यक्रमात ती नावं मी वाचून दाखवीन.