मोटारीतले पिस्तूल आणि माँटगोमेरीतला एक अर्ज

३० जानेवारी १९५६ च्या रात्री अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरातील एका तरुण पाद्र्याच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब येऊन फुटला. पाद्री त्या वेळी चर्चमधील सभेत होता. घरात पत्नी कोरेटा, अवघ्या अडीच महिन्यांची मुलगी योलांडा आणि एक परिचित स्त्री होती. तिघीही वाचल्या. पाद्र्याचे वय २७ वर्षे, नाव मार्टिन ल्यूथर किंग.

या घटनेनंतर किंग शेरीफच्या कार्यालयात गेले आणि मोटारीत पिस्तूल बाळगण्याचा परवाना त्यांनी मागितला. तो नाकारण्यात आला. ही ऐकीव गोष्ट नव्हे. माँटगोमेरीच्या लढ्यावर १९५८ मध्ये लिहिलेल्या आपल्या पुस्तकात किंग यांनीच ती नोंदवली आहे.

मित्रांनो, आजचा हा थ्रेड त्या नाकारलेल्या अर्जाविषयी आहे.

पहिला प्रश्न असा, की अर्ज ‘मोटारीत’ बाळगण्यासाठीच का? उत्तर अलाबामाच्या कायद्यात आहे. १९३६ च्या त्या कायद्यानुसार स्वतःचे घर, स्वतःची जमीन किंवा व्यवसायाची ठरलेली जागा येथे पिस्तूल ठेवण्यास परवाना लागत नसे. मात्र ते कपड्यांत लपवून नेणे किंवा कोणत्याही वाहनात ठेवणे परवान्याविना गुन्हा होता. परवाना कोणाला मिळावा? ज्याला आपल्या जिवाची वा मालमत्तेची भीती वाटण्यास सबळ कारण आहे आणि जो त्यासाठी ‘योग्य’ व्यक्ती आहे, त्याला. योग्य कोण, हे अधिकाऱ्याने ठरवायचे.

ज्याच्या ओसरीवर नुकताच बॉम्ब फुटला, त्याला भीतीचे सबळ कारण नव्हते असे कोण म्हणेल? तेव्हा अडचण दुसऱ्या शब्दात असली पाहिजे.

मोटारीला त्या लढ्यात विशेष स्थानही होते. ५ डिसेंबर १९५५ पासून शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला होता. हजारो लोकांना कामावर पोहोचवण्यासाठी सुमारे ३०० खाजगी मोटारी ठरलेल्या थांब्यांवरून धावत होत्या. साहजिकच पोलिसांची नजर या मोटारींवर होती. बॉम्बच्या चारच दिवस आधी, २६ जानेवारीला, खुद्द किंग यांना अटक झाली होती. कारण काय, तर ताशी २५ मैलांच्या मर्यादेत त्यांनी मोटार ३० मैलांच्या वेगाने चालवली!

आता १५ वर्षे मागे, शेजारच्या फ्लोरिडात जाऊ. १९४१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे ‘वॉटसन विरुद्ध स्टोन’ हा खटला आला. आरोपीचे पिस्तूल मोटारीच्या पुढच्या कप्प्यात सापडले होते आणि परवाना नव्हता. कप्प्यातले शस्त्र म्हणजे ‘अंगावर’ बाळगलेले शस्त्र नव्हे, असा अर्थ लावून न्यायालयाने त्याला सोडले. पण हा खटला स्मरणात राहिला तो न्यायमूर्ती बफर्ड यांनी जोडलेल्या स्वतंत्र मतामुळे. त्यांनी उघड लिहिले, की १८९३ चा मूळ कायदा टर्पेंटाइन आणि लाकडाच्या वखारींत कामाला आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी झाला होता. गोऱ्या लोकांना तो लागू करण्याचा हेतू कधीच नव्हता आणि व्यवहारात तो तसा लागूही केला गेला नाही. न्यायासनावरून इतकी स्वच्छ कबुली इतिहासात क्वचितच मिळते.

आपल्याकडे लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्रकायद्याचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. फरक एवढाच, की तेथे युरोपियनांना दिलेली सूट नियमांतच लिहिलेली होती. फ्लोरिडाच्या कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. काम अंमलबजावणीने केले.

तथापि अमेरिकेतील सारे शस्त्रनिर्बंध वर्णद्वेषातून जन्मले, असे म्हणणे घाईचे ठरेल. टेक्सासचा १२ एप्रिल १८७१ चा कायदा पाहा. यादवी युद्धानंतर गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांचे रिपब्लिकन सरकार गुलामीतून मुक्त झालेल्यांवरील हिंसाचार आवरू पाहत होते. त्या काळात हा कायदा झाला. अंगावर, घोड्याच्या खोगिरावर किंवा खोगिराच्या पिशव्यांत पिस्तूल बाळगण्यास त्याने मनाई केली. दंड २५ ते १०० डॉलर आणि शस्त्र जप्त. सामानासोबत शस्त्र नेणाऱ्या ‘प्रवाशा’ला मात्र मोकळीक होती.

प्रवासी म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्याने केली नाही आणि या एका शब्दाने पुढच्या पिढ्यांतील वकिलांना पोसले! घोडा जाऊन मोटार आली, तरी वाद तोच. शेजारच्या गावी जाणारा प्रवासी की नाही? वाटेत थांबला तर? अखेर २००५ मध्ये विधिमंडळाने ठरवले, की काही अटी पाळून स्वतःच्या मोटारीत असलेला माणूस प्रवासीच मानावा. तरीही काही सरकारी वकील जुन्याच पद्धतीने खटले भरण्याच्या गोष्टी करू लागले, तेव्हा २००७ मध्ये स्वतःच्या मोटारीत पिस्तूल नजरेआड ठेवण्यास थेट मुभा देण्यात आली. खोगिरापासून येथवर १३६ वर्षे.

परत माँटगोमेरीकडे. परवाना नाकारला गेला, पण किंग यांच्या घरात शस्त्रे होती आणि दाराशी पहारा होता. फेब्रुवारी १९५६ मध्ये गांधीविचाराचे कार्यकर्ते बेयार्ड रस्टिन तेथे आले. त्यांच्यासोबतचे पत्रकार विल्यम वर्दी खुर्चीवर बसणार, तोच खुर्चीत पिस्तूल असल्याचे रस्टिन यांना दिसले आणि त्यांनी वर्दी यांना सावध केले. पुढे किंग आणि कोरेटा यांनी विचार करून घरातील एकमेव पिस्तूल काढून टाकले. १९५९ च्या भारतभेटीत मुंबईच्या मणिभवनात मुक्काम करणारे किंग ते हेच.

आज या अर्जाचा दाखला शस्त्रस्वातंत्र्याचे समर्थक ‘किंगनाही पिस्तूल हवे होते’ म्हणून देतात, तर दुसरी बाजू तो प्रसंग वगळते. दोन्हींत प्रामाणिकपणा कमी. २७ वर्षांचा एक बाप त्या आठवड्यात घाबरलेला होता. अहिंसा त्याने त्यानंतर, विचारपूर्वक पूर्ण स्वीकारली.

अलाबामात १ जानेवारी २०२३ पासून मोटारीत पिस्तूल ठेवण्यास परवान्याची गरज उरलेली नाही. ‘योग्य’ व्यक्ती ठरवणारी खिडकी बंद झाली. पण निवाड्याची एक जागा रस्त्याच्या कडेला शिल्लक आहे.

६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात पोलिसांनी फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाची मोटार थांबवली. त्याच्याकडे पिस्तूल होते आणि ते बाळगण्याचा रीतसर परवानाही होता. आपल्याजवळ शस्त्र आहे, हे त्याने स्वतःहून अधिकाऱ्यास सांगितले. काही क्षणांत अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. मागच्या आसनावर चार वर्षांची मुलगी बसलेली होती. कॅस्टिल मरण पावला. जून २०१७ मध्ये ज्युरीने अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले.