म्यूझिडोराचे पाणी

बेडूक आपल्या साहित्यपरंपरेत भरपूर आहे. पाळलेला मात्र नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात पहिल्या पावसाने जागे झालेले बेडूक मंत्रपठण करणाऱ्या ब्राह्मणांच्या पंक्तीला जाऊन बसतात. पंचतंत्रातला गंगदत्त भाऊबंदांवर सूड घेण्यासाठी सापाला विहिरीत बोलावतो आणि सगळे कुळ गमावून बसतो. ‘कूपमंडूक’ हा शब्द तर आपण एकमेकांसाठीच राखून ठेवला आहे. या बेडकांना खायला काय घालावे, पाणी कोणते द्यावे, हे प्रश्न येथे कोणाला पडले नाहीत. ते पडले युरोपात, बेडूक घराच्या आत आल्यावर. पहिला बेडूक कोणता घ्यावा आणि तो जगवावा कसा, असे आज विचारणाऱ्याला जी उत्तरे मिळतात, त्यांतली महत्त्वाची उत्तरे या घरप्रवेशाच्या इतिहासातून आलेली आहेत.

घरातल्या बेडकाकडे प्रारंभी फारशा मायेने पाहिले गेले नाही. जर्मन घरांत काचेच्या बरणीत थोडे पाणी, एक लहानशी लाकडी शिडी आणि एक हिरवा वृक्षमंडूक ठेवण्याची प्रथा होती. बेडूक शिडी चढला तर हवा चांगली, खाली पाण्यात बसला तर पाऊस, असा समज. उघड्या हवेत कीटक उंच उडतात तेव्हा बेडूकही वर चढत असेल. पण बरणीत कीटकच नसतात, तेव्हा तो कशासाठी चढेल? हा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही. जर्मन भाषेत हवामान सांगणाऱ्या निवेदकाला थट्टेने ‘वेटरफ्रॉश’, म्हणजे हवामानाचा बेडूक, असे अजूनही म्हणतात. बरणीतला बेडूक गेला, शब्द राहिला. तो बेडूक आता तेथे संरक्षित प्रजाती आहे आणि निसर्गातून त्याला उचलण्यास मनाई आहे.

या बरणीच्या काळातच एका माणसाने आपल्या बेडकांकडे निराळ्या नजरेने पाहिले. रॉबर्ट टाउन्सन हा इंग्रज निसर्गाभ्यासक १७९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ग्यॉटिंगेन येथे होता. त्याने दोन वृक्षमंडूक पाळले आणि त्यांना नावे दिली : डेमन आणि म्यूझिडोरा. साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. जेम्स थॉमसनच्या ‘द सीझन्स’ या दीर्घकाव्यातील उन्हाळ्याच्या खंडात म्यूझिडोरा ओढ्यात स्नान करते आणि तिचा प्रियकर डेमन ते आडून पाहतो, असा एक त्या काळी अतिशय लोकप्रिय झालेला प्रसंग आहे. बेडकीला स्नानसुंदरीचे नाव देणारा माणूस विनोदी तर होताच. पण बरणीतल्या प्राण्याला नाव देताच तो उपकरण राहत नाही, हेही खरे.

म्यूझिडोराला हिवाळ्यात खाऊ घालणे हा टाउन्सनपुढचा मोठा प्रश्न होता. शरद ऋतूत माश्या नाहीशा होण्यापूर्वी त्याने त्या पुष्कळशा पकडून साठवून ठेवल्या. मेलेल्या माश्या समोर ठेवल्या तर ती ढुंकूनही पाहीना. त्याने हलकीशी फुंकर घालून माशी हलवली की मात्र झेप घेऊन गिळी. माश्या संपत आल्या तेव्हा त्याने कासवाच्या मांसाचे बारीक तुकडे करून तसेच हलवून पाहिले. तिने ते तोंडात घेतले आणि तत्क्षणी टाकून दिले. पुढे विश्वास बसल्यावर ती त्याच्या बोटांतून मेलेली माशीही घेऊ लागली. १९५९ मध्ये लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांनी बेडकाच्या डोळ्यावरचा आपला विख्यात शोधनिबंध लिहिला. बेडकाची दृष्टी हलणाऱ्या लहान वस्तूंसाठी घडलेली आहे, अन्न निश्चल असेल तर तो त्या अन्नाच्या राशीत उपाशी मरेल, हे त्यात आले. टाउन्सनची फुंकर या निबंधाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची. आजचा पाळणारा जिवंत नाकतोडे, रातकिडे आणतो, किंवा चिमट्याने तुकडा हलवून दाखवतो, तेव्हा तो तीच फुंकर घालत असतो.

परंतु टाउन्सनचा खरा शोध पाण्याचा. त्याचे बेडूक कधी तोंडाने पाणी पीत नसत. त्याने त्यांना तोलले, कोरडे पडू दिले, ओल्या कागदावर बसवले आणि पुन्हा तोलले. वजन वाढलेले निघाले. बेडूक कातडीने पितो, हे त्याने सिद्ध केले. आणि पुढे हा शोध जवळजवळ विस्मृतीत गेला. बेडूक पाळू इच्छिणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची असेल, तर मी ही सांगेन. ज्या पाण्यात तो बसतो तेच तो पितो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढून टाकायचे, उथळ भांड्यातले पाणी रोज बदलायचे, साबण वा मलम लागलेल्या हाताने त्याला उचलायचे नाही, शक्यतो उचलायचेच नाही, हे सारे नियम या एका वाक्याची विवरणे आहेत.

निवडीची गोष्ट आता घेऊ. नवशिक्यांना पुष्कळदा सुचवला जातो तो ऑस्ट्रेलियाचा हिरवा वृक्षमंडूक. न्यू साउथ वेल्सला गेलेला शल्यवैद्य जॉन व्हाइट याच्या १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. लॅटिन नावात त्याला ‘निळा’ म्हटले आहे, कारण मद्यार्कात बुडवलेल्या नमुन्यातला पिवळा रंग विरघळून गेला होता. मेलेल्या बेडकाचा रंग जिवंताच्या नावाला चिकटला! हा शांत, धिम्या स्वभावाचा प्राणी पंधरा वर्षांहूनही अधिक जगू शकतो, हे आणताना लक्षात ठेवावे. पेनंटच्या ‘ब्रिटिश झूलॉजी’त डेव्हनशायरमधील एका घराच्या पायरीखाली राहणाऱ्या, रोज रात्री मेजावर खाऊ घातल्या जाणाऱ्या टोडची हकिकत आहे. तो छत्तीस वर्षे त्या घराच्या ओळखीचा होता, आणि शेवटी पाळीव डोमकावळ्याच्या चोचीने घायाळ होऊन संपला. पाळीव प्राण्यांच्या आयुर्मानाचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो तो असा.

दुसरी नेहमीची शिफारस म्हणजे आफ्रिकेचा नखी बेडूक, झेनोपस लेव्हिस. लान्सलॉट हॉगबेन १९२७ ते १९३० या काळात केप टाउनला प्राध्यापक होता. तेथे त्याच्या हाती हा बेडूक आला, आणि १९३० च्या दशकात त्यातून गर्भनिदानाची एक चाचणी उभी राहिली : गर्भवतीचे मूत्र मादीला टोचले की काही तासांत ती अंडी घाली. उंदीर आणि ससे वापरणाऱ्या चाचण्यांत निदानासाठी प्राणी मारावा लागे. ही मादी जिवंत राही आणि पुन्हा वापरता येई. १९६० च्या दशकात रासायनिक चाचण्या येईपर्यंत हे बेडूक हजारोंच्या संख्येने जगभर गेले. त्यांना जगवणे सोपे होते. झेनोपसला जीभ नाही. वासाने शोधून, हातांनी ओढून, तो मेलेले मांसही खातो. म्यूझिडोराचे नखरे त्याच्यापाशी नाहीत. म्हणूनच तो नवशिक्यांचा बेडूक झाला. आणि ज्याला काचेत जगवणे सोपे, त्याला बाहेर सोडल्यावर जगणेही सोपे असते. वेल्स, कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स येथे सुटलेल्या झेनोपसनी वसाहती केल्या. सोपेपणा हा निवडीचा निकष म्हणून पुरेसा नाही, असे मला वाटते ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट त्याच्याबरोबर गेली असावी. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतील मेलेल्या बेडकांच्या त्वचेवर कायट्रिड बुरशीची नोंद झाली. ज्या त्वचेने बेडूक पितो तीच ती बिघडवते. क्षारांचे संतुलन जाते आणि हृदय थांबते. झेनोपस तिचा संसर्ग वाहूनही बहुधा आजारी पडत नाही. २००४ मध्ये मूळ आफ्रिका असल्याचा संशय व्यक्त झाला होता. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने मूळ पूर्व आशियात दाखवले, पण प्रसारासाठी बोट उभयचरांच्या व्यापाराकडेच राहिले. २०१९ च्या एका आढाव्यानुसार या रोगामुळे ५०१ प्रजाती घटल्या आणि त्यांपैकी ९० नष्ट झाल्याचे मानले जाते. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांवरही या बुरशीची नोंद २०१३ मध्ये झाली आहे. म्हणून जाणकार सांगतात : रानातला बेडूक आणू नये, बंदिवासात जन्मलेला आणि रोगतपासणी झालेला घ्यावा, नवा आलेला काही आठवडे वेगळा ठेवावा, कंटाळा आला तरी बाहेर सोडू नये, आणि त्याचे वापरलेले पाणी निर्जंतुक केल्याशिवाय ओढ्यानाल्यात ओतू नये.

टाउन्सन १८०७ मध्ये न्यू साउथ वेल्सला गेला आणि १८२७ मध्ये तेथेच वारला. त्याच्या नव्या देशाच्या उत्तरेस, क्वीन्सलंडच्या डोंगरांत, आपली पिल्ले पोटात वाढवणारा एक बेडूक राहत असे. तो रानात शेवटचा दिसला १९८१ मध्ये.