तुटलेल्या गुणसूत्राचा सांधा

भुसावळच्या यार्डात शंटिंग करताना एका गाडीचे मागचे डबे चुकून दुसरीला जोडले, तर एकही डबा हरवत नाही. पण प्रवासी भलत्याच गावी पोचतात. कर्करोगाच्या पेशीत गुणसूत्रांचे असेच होते. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफोर्ड यांना एका रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र आखूड दिसले. ते बाविसावे. तुटलेला तुकडा गेला कुठे? १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांची कातरलेली छायाचित्रे घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून तो नवव्याला जोडलेला दाखवला. (मुलांना वाटे, आई कागदी बाहुल्या खेळते!)

पुढे डी.एन.ए.ची अक्षरे वाचता येऊ लागली, आणि गंमत अशी की सांधेच नजरेआड झाले. वाचन शंभर-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांत होई. आपल्या जनुकसंचातला सुमारे निम्मा मजकूर पुनरावृत्तीचा. एकसारख्या डब्यांपैकी दोनच दिसले, तर गाडी कोणती हे कसे ओळखावे? खानदेशातल्या शिक्षकांना तंबाखूमुळे परिचित असलेल्या गालफड-हिरडीच्या कर्करोगाचा अभ्यास खारघरच्या अॅक्ट्रेकसह भारतीय चमूने २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात ५० रुग्णांच्या गाठींतला प्रथिने घडवणारा भागच वाचला होता. अक्षरबदल सापडले, सांधे मात्र बहुधा या भागाबाहेर असतात.

दीर्घवाचनाने ही अडचण बरीच दूर झाली. नॅनोपोअर यंत्रात डी.एन.ए.चा धागा सूक्ष्म छिद्रातून सरकतो आणि विद्युतप्रवाहातल्या बदलांवरून हजारो अक्षरे सलग वाचली जातात. सांध्याच्या दोन्ही बाजू एकाच वाचनात येतात. पण त्यासाठी धागा अखंड हवा. फॉर्मॅलिनमधून काढून मेणात जपलेल्या गाठीत तो तुटलेला असतो. म्हणून धुळ्या-जळगावात काढलेली गाठ अशा वाचनासाठी ताजी असतानाच गोठवावी लागते.