एम्सची तार

एम्सची तार : प्रशियाचा राजा पहिला व्हिल्हेल्म आणि फ्रेंच राजदूत बेनेदेत्ती यांच्या भेटीचा वृत्तान्त कळवणारी १३ जुलै १८७० ची सरकारी तार. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने ती कापून वर्तमानपत्रात छापवली आणि सहा दिवसांत फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले.

स्पेनची राणी दुसरी इसाबेला १८६८ मध्ये पदच्युत झाली. रिकाम्या गादीसाठी प्रशियाच्या होहेनझोलर्न राजघराण्याच्या शाखेतील राजपुत्र लिओपोल्डचे नाव पुढे येताच, दोन्ही सरहद्दींवर होहेनझोलर्न बसणार या धास्तीने फ्रान्स खवळला. १२ जुलैला लिओपोल्डच्या वडिलांनी उमेदवारी मागे घेतली. प्रकरण तिथेच मिटले असते. पण फ्रेंच परराष्ट्रमंत्री ग्रामाँ याला पुढच्यासाठीही हमी हवी होती. लान नदीकाठच्या बाड एम्स येथे राजा मुक्कामाला होता. सकाळी फिरताना बेनेदेत्तीने त्याला गाठून ही हमी मागितली. राजाने ती नाकारली. पुढे लिओपोल्डच्या माघारीचा दुजोरा आल्यावर त्याने तसा निरोप दिमतीच्या अधिकाऱ्याकरवी धाडला आणि आता आणखी सांगण्यासारखे काही नाही, असे कळवले. आबेकेन या अधिकाऱ्याने हे सारे बर्लिनला तारेने कळवले. ते राजदूतांना व वृत्तपत्रांना द्यायचे की नाही, हे राजाने बिस्मार्कवर सोपवले होते.

तार आली तेव्हा बिस्मार्क सेनापती मोल्टके व युद्धमंत्री रून यांच्यासह जेवत होता. (प्रसंग त्याने स्वतःच आठवणींत रंगवला आहे, मीठमसाला गृहीत धरूनच वाचावा.) त्याने दुजोऱ्याचा भाग गाळला. उरले ते एवढेच : राजदूताने मागणी केली, राजाने त्याला पुन्हा भेटायचे नाकारले आणि सांगण्यासारखे काही नाही असा निरोप दिला. या तारेला ‘बनावट’ म्हणण्याची रूढी आहे, पण ती नेमकी नाही. खोटी घटना त्यात घातलेली नव्हती. भेट नाकारण्याचे कारण तेवढे काढून टाकले होते. १८९२ मध्ये चॅन्सलर काप्रिवीने मूळ मजकूर राइश्टागपुढे (जर्मन संसदेपुढे) वाचला, तेव्हा हा फरक जाहीर झाला.

त्याच संध्याकाळी ‘नॉर्डडॉइचे आल्गेमाइने त्साइटुंग’ या सरकारधार्जिण्या पत्राचा जादा अंक बर्लिनच्या रस्त्यांवर फुकट वाटला गेला. जर्मनांना वाटले, राजदूताने राजाशी आगळीक केली. फ्रेंचांना वाटले, राजाने राजदूताला दारातून परतवले. भाषांतराने भर घातली. निरोप ज्याच्याकरवी गेला तो जर्मन ‘आड्जुटांट’ हा राजाच्या दिमतीचा वरिष्ठ अधिकारी; फ्रेंच ‘आज्युदाँ’ म्हणजे साधा हवालदारवजा शिपाईगडी. तरी सगळे खापर बिस्मार्कवर फोडता येत नाही. ६ जुलैलाच संसदेत धमकीवजा भाषण करून ग्रामाँने माघारीची वाट अवघड केली होती आणि पॅरिसच्या पत्रांत युद्धाची भाषा आधीपासूनच चालू होती.

१९ जुलैला युद्ध जाहीर झाले. २ सप्टेंबरला सेदाँ येथे फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली.

बेनेदेत्तीला स्वतःला अपमान झाल्यासारखे वाटले नव्हते. १४ जुलैला राजा एम्सहून निघाला, तेव्हा स्टेशनवर दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला होता.