शिकलगाराचे चाक आणि मोटारीची झिलई

मोटारीला यंत्राने पॉलिश करून घेतले. सावलीत ती आरशासारखी दिसली. पण उन्हात आणताच बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उमटले. ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. कारागीर म्हणतो, 'आणखी एक हात देतो.' इथेच घोटाळा होतो. तो का होतो, हे समजण्यासाठी आपल्या भागातल्या एका जुन्या धंद्याकडे वळू या.

सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रे मांडलेली आहेत. असल्या तलवारी लखलखीत ठेवणारा कारागीर म्हणजे शिकलगार. कुरुंदाची पूड लाखेत कालवून त्याचे चाक घडवीत. हे चाक पात्यावर फिरले की पोलादाचा अगदी पातळ थर निघून जाई आणि खालचे स्वच्छ पोलाद चमकू लागे. म्हणजे शिकलगार चमक लावीत नसे. वरचे खरवडून ती उघडी करी. पाते फार वेळ एकाच जागी दाबून धरले तर ते तापे आणि पोलादाचे पाणी उतरे. मग कितीही घासा, धार टिकायची नाही.

पुढे १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. तलवारीच म्यानात गेल्या, तेव्हा शिकलगाराने करायचे काय? मिरजेत त्याचे उत्तर सापडले. परंपरा अशी सांगते की, १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आदी शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या वंशजांना आज सतारमेकर म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

गंमत पाहा, लाख हातात राहिली, पण तिचे काम उलटे झाले! तिथे ती कुरुंद धरून ठेवी. इथे चपडा लाख स्पिरिटात विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने लाकडावर आणि भोपळ्यावर थरावर थर चढवू लागले. हवा दमट असली की या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. पुरचुंडी एका जागी थांबली तर ओला थर उचलला जातो. पण थर चढवायचाच असल्याने, तो बिघडला तरी पुन्हा देता येतो.

आता मोटारीकडे या. १९२० नंतरच्या दशकात लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग आले, आणि पुढे रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत आली. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही पातळ. पॉलिशचे यंत्र त्यातलेच थोडे काढते. तेव्हा नाव पॉलिशचे असले तरी हे काम सतारमेकराचे नव्हे, शिकलगाराचे आहे. 'आणखी एक हात' म्हणजे आणखी एक थर कमी!

म्हणून दोष दिसला की आधी कारण शोधावे. वाटेल तसे वेडेवाकडे ओरखडे असतील तर धूळ पाहा. गाडी नीट धुतली नव्हती, किंवा जमिनीवर पडलेले पॅड तसेच लावले. आमच्या माणदेशाकडची वाळू काही मऊ नसते! यंत्र फिरले त्याच दिशेने एकसारख्या लहरी किंवा धुरकट झाक दिसली, तर मिश्रण भरड किंवा पॅड कडक आहे. बारीक मिश्रण आणि मऊ स्पंजाचे पॅड घ्या. मिश्रण लगेच वाळून भुकटी उडू लागली तर पत्रा तापलेला आहे. गाडी सावलीत लावून पत्रा निवू द्या, आणि पॅड वरचेवर झाडून घ्या. कडांवर तर रंग मुळातच पातळ. तिथे चिकटपट्टी लावावी आणि यंत्र कधीही थांबवू नये. तापून खालचा अस्तराचा रंग दिसला, तर ते पोलादाचे पाणी उतरण्यासारखेच. मग पुन्हा रंग देण्यावाचून इलाज नाही.

आणि एक. मिश्रणातले तेल ओरखड्यांत बसून ते झाकते, आणि दोन धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी, पाणी घातलेल्या स्पिरिटने हातभर जागा पुसून घ्यायला सांगा आणि गाडी उन्हात आणून पाहा.