न बोलणारं बटण

आमच्या दादरच्या घरात भिंतीला लागून चार फुटी लाकडी पेटी असे. डावीकडे तबकड्यांचा कप्पा, मधे रेडिओ, दोन्ही टोकांना जाळीदार कापडामागे स्पीकर. जर्मन बनावटीचा हा स्टिरिओ रेडिओग्राम बोटीवर नोकरी करणाऱ्या आतोबांकडून वडिलांनी १९६४ साली घेतला. स्टिरिओ तबकड्या १९५८ मध्ये बाजारात आल्या, आणि त्यांच्याबरोबर अशा पेट्याही. आमच्या तबकड्या मात्र बहुतेक ७८ च्या. दोन्ही स्पीकरमधून एकच गाणं!

पेटीवरच्या एका बटणावर 'यूकेडब्ल्यू' अशी अक्षरं होती. दाबलं की नुसती खरखर. वडील म्हणत, "ते बिघडलंय, हात लावू नकोस."

यूकेडब्ल्यू म्हणजे अतिलघु लहरी, आपलं एफएम. महायुद्धात हरलेल्या जर्मनीला १९४८ च्या कोपनहेगन परिषदेत मध्यम लहरींच्या मोजक्याच फ्रिक्वेन्सी मिळाल्या. मग जर्मनांनी एफएमची वाट धरली. म्युनिकहून १९४९ च्या फेब्रुवारीत प्रक्षेपण सुरू झालं आणि तिथल्या रेडिओवर हे बटण आलं. भारतात पहिलं एफएम ऐकू आलं ते मद्रासला, १९७७ साली. वडील १९७५ मध्येच गेले.

पुढे पेटी बंद पडली. एका कारागिराने तिच्यातल्या तारा कापून ती तशीच परत पाठवली. गेल्या वर्षी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आतलं सगळं काढून टाक. नवा अॅम्प्लिफायर बसव, वरून लाकूड तेच." मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण लॅमिंग्टन रोडवर एक म्हातारे मेकॅनिक भेटले. त्यांनी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह शाबूत आहेत. कंडेन्सर गेलेत."

जुने कागदी कंडेन्सर गळू लागले की शेवटच्या व्हॉल्व्हवर नको तो दाब येतो आणि तो लालबुंद होतो. ते सगळे बदलले. तबकडी फिरवणारं रबरी चाक कडक झालं होतं. पिकअपमधला रोशेल मिठाचा स्फटिक तर मुंबईच्या पावसाळ्यांनी केव्हाच खाल्ला होता. तिथे सिरॅमिक पिकअप आला. मोबाइल जोडायला काहीच कापावं लागलं नाही. टेपरेकॉर्डरसाठीचं गोल सॉकेट मागे होतंच.

शेवटी यूकेडब्ल्यू दाबलं. काटा शंभरच्या अलीकडे नेला आणि मराठी निवेदन खणखणीत ऐकू आलं. पट्टी १०४ ला संपते, आपलं एफएम १०८ पर्यंत जातं. तेवढी केंद्रं लागत नाहीत.

नव्वदीची आई खुर्चीत बसून ऐकत होती.

"म्हणजे बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी त्या बटणासाठी दोनदा माणूस बोलावला होता. दोन्ही वेळा पैसे घेऊन गेला."